बांधावरचा पाला

"कुठून म्हंजी? माळावरून. आनखी कुठून तोडतेत पाला, तुझ्या कॉलेजाच्या गच्चीवरून?"

"तसं न्हाई आत्या. मी पहिल्या खेपेचं विचारायलेय, भादव्यातलं. तो पाला माळावरचाच होता ना?"

"आता काय नरसिंहाची आन घेऊ का गं तुझ्यापुढं?"

कडूबाई तुरीच्या धसकटांत मांडी घालून वाघर सांधत बसली होती. मेंढरांभोवती उभी करायची ही जाळी एखादं दांडगं मेंढरू शिंग घालून फाडतं, मग सकाळी बसून गाठी माराव्या लागतात. समोर दिपाली उकिडवी बसलेली. पेडगावच्या दत्तरावांची ही थोरली परभणीच्या एका कॉलेजात पीएचडी करते. कॅन्सरच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवायच्या, त्यांच्यावर झाडपाल्याचा अर्क टाकायचा आणि त्या मरतात की वाढतात ते मोजायचं, हे तिचं काम. गावात तिला कुणी डॉक्टरीण म्हणतं, कुणी पेशीवाली. स्कूटी रस्त्यावर लावून ती धसकटं तुडवत आली होती आणि पोरीचं काहीतरी बिनसलंय हे कडूबाईनं तिच्या चालीवरूनच ओळखलं होतं.

"मग ह्या खेपेच्या पाल्यानं एकबी पेशी कामून मरंना?" दिपाली म्हणाली. "तीन डाव करून बघितलं. जिथं काहीच घातलं न्हाई तिथं जेवढ्या वाढल्या, तेवढ्याच पाला घातला तिथं वाढल्या. त्यांना पत्ताच न्हाई आपण काही घातलंय त्याचा."

कडूबाईचा हात गाठीवर थांबला. तिच्या डोक्यात दिपालीची पीएचडी आली नाही. पोखर्णीचा अमृत आला. अमृत तिचा पाठचा भाऊ. तोंडातल्या कॅन्सरचं ऑपरेशन सोडून तो तीन महिन्यांपासून रोज सकाळी उपाशी पोटी ह्याच पाल्याचा पेलाभर काढा पीत होता. पाला कडूबाईच तोडून देत होती. ऑपरेशन करू नको असं ती म्हणाली नव्हती. कर असंही म्हणाली नव्हती.

"मोसम बदलला आसंल," ती म्हणाली. "पाल्याला बी मोसम आसतो. भादव्यात त्याला जोर आसतो."

"आसंल." दिपालीला ते पटलं नव्हतं. "सर म्हणायलेत, पहिल्या पाल्यात काहीतरी निराळं होतं. ते काय होतं हे सापडल्याबिगर पुढं जाताच येत न्हाई."

ती उठली, ओढणीला लागलेली कुसळं काढत रस्त्याकडं गेली. कडूबाईनं गाठ ओढली. ती जाळीच्या चुकीच्या घरात बसली. दातानं सोडवली आणि परत मारली.

तशी ती खोटं बोलणारी बाई नव्हती. तोंडाची फाटकी मात्र होती. माजी सरपंचाला तिनं भर बाजारात सुनावलं होतं, "तुझी दाढी आन माझ्या बोकडाची दाढी सारखीच दिसती, पन बोकड कामाला तरी येतो." लोक हसले, सरपंचही हसला, कारण कडूबाईशी वाकडं घेऊन कुणाला परवडत नव्हतं. तिचा जन्म मेंढरांमागं गेला. बाप पोखर्णीचा, नवरा पेडगावचा, दोघांच्याही खांद्यावर घोंगडं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून ऐंशी मेंढरं ती, मुलगा सुरज आणि सून चंदा असे तिघं सांभाळतात. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, पण मेंढराच्या दातावरून वय आणि लेंडीवरून पोटातला जंत सांगते.

गावात तिला मान होता तो गाठपाल्यामुळं. माळावर दगडांच्या सांदीत उगवणारं हे वीतभर झुडूप. पानाच्या कडेला करवत, वास बोकडाचा. दुसरं काही नाव त्याला असेल तर ते कडूबाईला माहीत नाही. मेंढराला गळू झालं, बैलाच्या मानेवर गाठ आली की ती हा पाला वाटून बांधते. गाठ आधी वर येते, टरारते, मग फुटते आणि जनावर मोकळं होतं. ही विद्या सासूची, आणि सासूनं पाल्यासोबत त्याचा रिवाजही दिला होता. आदल्या दिवशी सांजच्याला माळावर जायचं, झुडपापुढं हळदीची चिमूट ठेवायची आणि कुणासाठी नेणार ते नाव घेऊन सांगायचं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तोडायचा. घरून निघाल्यापासून परत येईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि नांगर लागलेल्या रानातला पाला घ्यायचा नाही, त्याला गुण नसतो.

दिपाली शाळेत असताना दत्तरावांच्या बैलाची गाठ ह्या पाल्यानं फुटलेली तिनं पाहिली होती. म्हणूनच मागच्या भादव्यात ती एका सांजेला धावतपळत आली. "आत्या, उद्या सकाळी आठच्या आत किलोभर गाठपाला पाहिजे. अर्क काढायचं यंत्र दोनच दिवस माझ्याकडं हाय, मग दुसऱ्याचा नंबर."

तेव्हा मेंढरं बालाजीच्या रानात बसवलेली होती. मूग निघाला की ज्वारीच्या पेरणीआधी शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, लेंडीमुताचं खत आयतं पडतं. माळ तिथून दीड कोस. कडूबाईचा उजवा गुडघा त्या आठवड्यात माठासारखा सुजलेला. सांजच्याला हळद घेऊन जाणं झालं नाही. पहाटे उठली तर पाऊल टेकवेना. आणि मेंढरांपासून पन्नास पावलांवर बालाजीच्या बांधावर गाठपाला माजलेला. माळावर वीतभर असतो तो इथं गुडघाभर, हिरवागार. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि पदराचा ओटा भरला. मध्येच चंदानं चहाचं विचारलं तर तिला ओसुद्धा दिली.

आठ वाजता दिपाली पाला घेऊन गेली. बाराच्या सुमाराला बालाजी आला आणि दुरूनच ओरडला, "कडूआक्का, मेंढरं बांधाकडं जाऊ देऊ नका बरं का! काल सांच्याला तणनाशक मारलंय. आठ दिवस हिरवंच दिसतंय ते, मग पिवळं पडतंय."

कडूबाईच्या मनात आलं, धुतील की पाला. शिकलेली माणसं धुतल्याबिगर कशाला वापरतेत? आणि सांगायला जावं तर बांधावरून तोडला हेही सांगावं लागणार. हळद ठेवली नाही, बोलत तोडला, नांगरटीतला तोडला. सबंध पेडगावात तिची म्हणून एवढी एकच गोष्ट होती, तीही तिनं गुडघ्यापायी बाटवली असं झालं असतं. ती गप्प बसली. औषधाची तिला तितकी धास्ती वाटलीच नाही. लाज वाटली ती रिवाजाची. मेंढरं मात्र तिनं बांधापासून लांब ठेवली. आठ दिवसांनी बांध खरोखरच पिवळा पडला आणि तोवर मेंढरं दुसऱ्याच्या रानात गेली होती.

दिवाळीच्या आधी दिपाली पेढे घेऊन आली. "आत्या, मेल्या! शंभरातल्या नव्वद पेशी मेल्या! चला, तुम्हाला दाखवते."

कडूबाई आयुष्यात पहिल्यांदा स्कूटीवर बसली आणि परभणी येईस्तोवर दिपालीच्या कमरेला मिठी मारून शिव्या देत राहिली. लॅबच्या दारात चपला काढायला लावल्या, डोक्याला टोपी घातली.

"मेंढरं धरून आलेय गं मी. चालतं का?"

"न्हाई चालत, म्हणून तर तीन डाव हात धुवायला लावायलेय."

मायक्रोस्कोपला डोळा लावायला तिला वेळ लागला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग दिसलं. पहिल्या ताटलीत गव्हाच्या दाण्यांसारखे लांबोळके जीव, एकाला एक खेटून, मध्ये बोट ठेवायला जागा नाही. ह्या पाला न घातलेल्या. दुसऱ्या ताटलीतल्या गोल झालेल्या, सुट्या सुट्या, वरणावर जिरं तरंगावं तशा तरंगत होत्या. ह्या तिच्या पाल्यानं मेलेल्या.

"कुनाच्या गं ह्या?"

"परदेशातल्या एका बाईच्या. तिला कॅन्सर होता. ती जाऊन सत्तराच्या वर वर्षं झाली. तिच्या गाठीतल्या पेशी अजून जगभर वाढवतेत."

"बाई मेली आन गाठ जिती?"

"हां."

"बया!" कडूबाईनं परत डोळा लावला. "आन खायला काय घालतीस त्यास्नी?"

"साखर, मीठ, आन वासराच्या रक्तातलं पाणी. गाईच्या पोटातल्या वासराचं. बाटलीतून येतं."

"म्हंजी ते वासरू जलमलंच न्हाई."

"न्हाई."

"आगं मग तू रोग पाळायलीस का मारायलीस?"

"आधी पाळायचा आत्या, मग मारायचा," दिपाली हसली. मग तिनं हसू आवरलं आणि कडूबाईचा हात धरून सांगितलं, "पण ऐका. चांगल्या पेशींवर टाकला तर त्याबी मेल्या. म्हणजे आजून लय काम हाय. काचेतलं काचेत. माणसाला द्यायचं म्हटलं तर दहा-पंधरा वर्षं लागतेत, आन शंभरातल्या नव्याण्णव गोष्टी तिथवर पोचतच न्हाईत. कुणाला द्यायचा न्हाई हा पाला."

"न्हाई देत बाई," कडूबाई म्हणाली. पण तिच्या डोळ्यापुढून ते तरंगणारं जिरं हलत नव्हतं.

अमृतचा रोग दसऱ्याला निघाला होता. तो गवंडी. पोखर्णीच्या आसपासच्या निम्म्या घरांच्या भिंती त्याच्या हातच्या. ओळंबा सोडताना गालात गुटख्याची पुडी धरायची त्याला विसाव्या वर्षापासून सवय. जबड्याच्या कोपऱ्यात जखम झाली, ती भरेना, मग मोठ्या दवाखान्यात मासाचा तुकडा तपासला. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, आत्ताच कापलं तर वाचाल. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली. जबड्याचं हाड थोडं काढावं लागेल असंही सांगितलं, आणि अमृतनं तेवढंच ऐकलं.

भाऊबीजेला तो पेडगावला आला. कडूबाईनं मेंढरांपाशीच पाट मांडून त्याला ओवाळलं. ताटातली करंजी तो एका बाजूनं कुरतडत होता.

"जबडा काढतेत म्हणं आक्का. मग म्या खाऊ काय? आन लोकांपुढं जाऊ कसा, अर्धं थोबाड घेऊन?"

"अर्ध्या थोबाडाचा का हुईना, आख्खा भाऊ नसण्यापरीस बरा," असं काहीतरी ती म्हणायला गेली आणि त्याचे डोळे पाहून थांबली. लहानपणी विंचू चावला होता तेव्हाही त्यानं असंच तिच्याकडं पाहिलं होतं. मग तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"अमृता, तुझ्या रोगाच्या पेशी म्या ह्या डोळ्यानं मेलेल्या बघितल्यात. परभणीला. माझ्या पाल्यानं मेल्यात."

त्यानं करंजी खाली ठेवली.

काचेतलं काचेत, हे ती त्या दिवशी बोललीच नाही. बोलायचं राहून गेलं असं नव्हे. भाऊबीजेच्या दिवशी भावाला घालायला तिच्याकडं एवढं मोठं दुसरं काही नव्हतं, आणि त्याच्या तोंडावर जो उजेड पडला तो तिच्यानं विझवला गेला नाही. पुढं ती दर आठवड्याला माळावर गेली. गुडघा दुखो की न दुखो, आदल्या सांजेला हळद, पहाटे मुक्यानं पाला, सगळा रिवाज. "आधी गाठ वर येती," असं तिनं अमृतला समजावून सांगितलं, जसं ती बैलवाल्यांना सांगत आली होती. दवाखान्याची तारीख आली आणि गेली.

दिपाली वाघरीपाशी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई पोखर्णीला गेली. नरसिंहाच्या देवळामागं अमृतचं घर. तो ओट्यावर उन्हाला बसला होता, गळ्याला मफलर. बहिणीला पाहताच त्यानं मफलर सोडला.

"आक्का, बघ! वर यायलीय!"

जबड्याखाली मानेला लिंबाएवढी गाठ.

"तू म्हणली तसंच झालं. आधी वर येती, मग टरारती, मग फुटती. पाला बाहेर काढायलाय तिला. म्या मनकर्णाला तेच सांगायलाव, तर ही उगं तोंड पाडून बसती."

मनकर्णा, त्याची बायको, चौकटीला टेकून उभी होती.

कडूबाईनं गाठीला हात लावला. हजारो गाठी तिच्या बोटांखालून गेल्या होत्या. पुवाची गाठ गरम लागते, दाबली की मऊ लागते, बोटानं इकडून तिकडं सरकते. ही गार होती. दगडासारखी, आणि मुळापासून चिकटलेली. तिनं हलवून पाहिली, हलली नाही. ही फुटणारी गाठ नव्हती. मेंढरात असली गाठ लागली असती तर तिनं पाला वाटायची तसदीही घेतली नसती.

"दुखायलंय का?"

"निस्तं जड वाटायलंय. फुटायला किती दिवस लागतेत?"

"बघू," ती म्हणाली.

निघताना मनकर्णा फाटकापर्यंत आली. "वन्सं, तुमच्या पाया पडते, मला खरं सांगा. कमी व्हायलंय का हे?"

कडूबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. "मी परभणीवरून जाऊन येते," एवढंच म्हणाली आणि पेडगावची वाट सोडून परभणीच्या जीपमध्ये बसली.

दिपाली लॅबमध्ये एकटी होती. कडूबाईनं चपला काढल्या नाहीत, दारातच उभी राहिली.

"पाला बांधावरचा होता."

"काय?"

"भादव्यातला. बालाजीच्या बांधावरचा. गुडघा सुजला होता म्हनून माळावर गेले न्हाई. हळद ठिवली न्हाई, झाडाला सांगितलं न्हाई, तोडताना चंदासंगं बोलले बी."

"आत्या, हळदीचं राहू द्या." दिपाली हळूहळू उभी राहिली. "बांधावर काय मारलेलं होतं का?"

कडूबाईनं दाराची चौकट धरली.

"आत्या!"

"तणनाशक. आदल्या सांजेला. मला दुपारून कळलं. मला वाटलं तू धुशील."

"धुतला होता. पाण्यानं." दिपाली परत स्टुलावर बसली. "त्या औषधात साबणासारखं एक घालतेत, पानाला चिकटून आत शिरावं म्हणून. ते कोणतीबी पेशी फोडतं. कॅन्सरची, चांगली, तुमची, माझी. म्हणून तर सगळ्याच मेल्या, आन मी मूर्ख, पाल्यात किती जोर हाय म्हणून नाचायलेय." तिनं समोरची वही मिटली. "सरांनी परिषदेत वाचून दाखवलं ते. पेपर पाठवून झालाय. आता परत मागवायचा. पाच महिने गेले माझे."

"मला शिव्या दे."

"शिव्या देऊन काय व्हायलंय?"

"दिपे, अमृत पितोय तो पाला."

"पितोय म्हणजे? अमृतमामाचं ऑपरेशन झालं ना दिवाळीत?"

"न्हाई. केलंच न्हाई. मानेला गाठ आलीय."

दिपाली ताडकन उठली. आता तिचा आवाज चढला. "मी ह्याच जागेवर सांगितलं होतं तुम्हाला! काचेतलं काचेत! कुणाला द्यायचा न्हाई!"

"सांगितलं होतंस."

एवढंच म्हणून कडूबाई दारातच उभी राहिली. दिपालीनं टेबलावरच्या ताटल्या उघडल्या, एका बाटलीतलं उग्र वासाचं पाणी एकेका ताटलीत ओतलं आणि सगळ्या मोरीत नेऊन ठेवल्या.

"आता मेल्या," ती म्हणाली.

मग तिनं टोपी काढली आणि म्हणाली, "माझं व्हायचं ते होऊ द्या. तुमी आजच्या आज मामाला सांगा. एक दिवस घालवू नका."

अमृतनं ऐकून घेतलं. कडूबाईनं बांध सांगितला, तणनाशक सांगितलं, दिपालीनं तेव्हाच बजावलेलं तेही सांगितलं, स्वतःवर पांघरूण घातलं नाही. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "तुला कुनीतरी भरवलंय आक्का. मोबाईलवर समदं येतंय. असला फुकटातला इलाज निघाला की औषधाच्या कंपन्या माणसाचं तोंड बंद करतेत."

"आरं कुनी न्हाई भरवलं. म्याच खोटं बोलले."

"तव्हा खोटं बोललीस?"

"हां."

"मग आता खरं बोलायलीस कशावरून?"

जिच्या तोंडाला गाव भीत होतं त्या बाईला एक शब्द सुचला नाही. सुचलं ते मनकर्णाला. तिनं चुलीजवळचा काढ्याचा पेला उचलला, उकिरड्यावर रिकामा केला आणि म्हणाली, "उद्याच्या गाडीनं दवाखान्यात यायचं. न्हाई आलात तर म्या लेकरं घेऊन माहेरला जाईन, आन मग पीत बसा पाला." तो बायकोला भ्याला, बहिणीला नाही. तरी तीन दिवस त्यानं टाळाटाळ केली, चौथ्या दिवशी तिघं दवाखान्यात गेले.

डॉक्टरीण वयानं दिपालीएवढीच असेल. तिनं मान चाचपली, फोटो काढायला लावले, जुने कागद पुढ्यात घेतले आणि दिवाळीतल्या तारखेवर पेन ठेवून विचारलं, "तेव्हा का नाही आलात?"

कडूबाई खाली फरशीकडं बघत होती. डॉक्टरणीला अशी गप्प माणसं रोजची असावीत. तिनं परत विचारलं नाही. आता कापण्यात अर्थ नाही, मानेत खोल गेलंय, मोठ्या नसेला धरून बसलंय, असं तिनं सांगितलं. रेडिएशनचा शेक देऊ, दुखणं कमी राहील अशा गोळ्या देऊ. किती दिवस, असं मनकर्णानं विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, पावसाळ्याचं सांगता येत नाही.

मनकर्णा गोळ्यांच्या रांगेत उभी राहायला गेली तेव्हा बाहेर बाकड्यावर बहीणभाऊ दोघंच उरले. अमृत समोरची भिंत बघत होता. गवंड्याची नजर, भिंत कुठं फुगलीय ते त्याला दिसत असणार.

"आक्का, पाला चालू ठिवू का बंद करू?"

त्यानं हे अगदी साधेपणानं विचारलं. थट्टा नव्हती, राग नव्हता. अजूनही तिलाच विचारत होता.

"बंद कर."

"मग सकाळचं पिऊ काय?"

कडूबाईनं पदरानं नाक पुसलं. "चहा पी," ती म्हणाली.

पोखर्णीला त्यांना सोडून ती दुपारी पेडगावला उतरली. मेंढरं आता ओढ्याकाठच्या रानात होती. सुरजनं आदल्या दिवशी सगळी ओढ्यात धुऊन काढली होती आणि आज लोकर कातरायचं ठरलं होतं. झाडाखाली एक अनोळखी माणूस पिशवी घेऊन बसलेला.

"हे देवगाव फाट्यावरून आलेत," सुरज म्हणाला. "सकाळधरनं बसलेत. पाला पाहिजे म्हणतेत."

माणूस उठून उभा राहिला, हात जोडले. "आजी, बायकोला छातीत गाठ हाय. तुमच्या पाल्याची खबर लागली म्हनून आलो."

"त्यानं जात न्हाई गाठ."

"आसं कसं? कॉलेजवाल्यांनी तपासलंय म्हणं."

"तपासलं. जात न्हाई. तिला दवाखान्यात न्ये, कापा म्हणले तर कापून घे. आजच्या आज न्ये."

माणूस तिच्याकडं बघत राहिला, जसा अमृत बघत राहिला होता. "लय लांबून आलोय, आजी. वाईच द्या. गरीब म्हनून नाही म्हणू नका."

"आरं बाबा, माझा भाऊ मरायलाय तो पिऊन!" कडूबाई ओरडली. कातरणीला आणलेली मेंढरं बिचकून एकमेकांत शिरली. माणसानं पिशवी काखेत मारली आणि निघाला. रस्त्यावर जाऊन तो परभणीकडं वळला नाही. रानात काम करणाऱ्या बायांना त्यानं काहीतरी विचारलं, त्यांनी हातानं माळाची दिशा दाखवली.

"जाऊ का मागं? बोलवू त्यांला?" चंदानं विचारलं.

कडूबाई तो ठिपका होईस्तोवर बघत राहिली.

"कामून? माझं ऐकतंय कोन?"

तिनं लुगड्याचा काष्टा ओढून घेतला, पहिल्या मेंढीचे चारी पाय एकत्र धरून दोरी आवळली आणि तिला कुशीवर पाडलं. कातरीचं पातं दगडावर दोनदा घासलं. लोकर अजून बुडाशी ओलसर होती, हात सांभाळून चालवावा लागत होता. पोटाकडून सुरुवात करून ती बरगड्यांवर आली, तशी काळी लोकर सलग एका चादरीसारखी सुटत गेली आणि खालची गुलाबी कातडी उघडी पडली.

"डोकं दाब तिचं," ती चंदाला म्हणाली. "आन सुरजला म्हणावं दुसरी धरून ठिव. दिवस बुडायच्या आत पंधरा तरी व्हायला पायजेत."